दुपारची नळी

पत्राचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून एका आईने लिहिलं आहे. त्यांचं वय ५१, मुलगा २५ वर्षांचा. जन्मतः त्याच्या लघवीच्या मार्गात पडदा होता. तो तिसऱ्याच दिवशी दुर्बिणीने काढला, पण मूत्राशय जाड आणि लहानच राहिलं. मुलगा नऊ वर्षांचा असताना आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठं केलं आणि अपेंडिक्सची वाट करून तिचं तोंड बेंबीत काढलं. तेव्हापासून तो बेंबीतून नळी घालून लघवी काढतो. किडन्या हळूहळू कमी पडत गेल्या. आठ महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. आईचा रक्तगट जुळतो आणि त्यांना किडनी द्यायची आहे. जवळच्या शहरातले एक डॉक्टर म्हणाले, "आतड्याच्या पिशवीत नवी किडनी टिकणार नाही." मुंबईतले दुसरे म्हणाले, "होऊ शकतं, आधी तपासण्या करू." वडिलांना आईने किडनी देणं मान्य नाही, ते मृत दात्याच्या किडनीसाठीच्या यादीत नाव घालू म्हणतात. एका नातेवाइकाने सुचवलं की आतली पिशवी बंद करून पोटावर बाहेरची पिशवी लावून घ्यावी. आई विचारतात, "ज्या पिशवीने त्याच्या दोन किडन्या खाल्ल्या, ती माझीही खाईल का? माझं देणं वायाच जाणार असेल तर मी काय करू?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमचा प्रश्न वाचला. दुसऱ्यांदा तिसऱ्या पानावरच्या एका ओळीपाशी थांबले. ती ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे: "सकाळ-संध्याकाळ नळी न चुकता घालतो, फक्त दुपारी कंपनीत जमत नाही." तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला त्या ओळीत दिसतं. तिच्याकडे मी येतेच. पण आधी जी भीती तुम्हाला झोपू देत नाही, तिच्याबद्दल बोलू.

मी डॉक्टर नाही. एका सरकारी रुग्णालयाच्या किडनी विभागात मी बावीस वर्षं समाजसेवा अधीक्षक होते. किडनी द्यायला निघालेल्या आया, नको म्हणणारे वडील, भावाला द्यायची की नवऱ्याला विचारायचं या पेचात सापडलेल्या बहिणी, यांच्याशी बोलणं हेच माझं काम होतं. औषधाबद्दल आणि ऑपरेशनबद्दल शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. त्यांच्यासमोर काय विचारायचं आणि घरात काय बोलायचं, तेवढं मी सांगू शकते.

"ज्या पिशवीने दोन किडन्या खाल्ल्या" हे तुमचं वाक्य आधी नीट पाहू. लघवीच्या मार्गातला हा पडदा मुलग्यांमध्येच आढळतो आणि बाळ पोटात असल्यापासून तो लघवी अडवत असतो. अडलेली लघवी बाहेर ढकलायला इवलंसं मूत्राशय सगळा जोर लावतं आणि त्या जोराने जाड होत जातं. मागचा दाब वर किडन्यांपर्यंत पोचतो आणि त्यांची घडण होत असतानाच त्यांना धक्का बसतो. म्हणून तिसऱ्या दिवशी पडदा निघाला तरी आधी झालेलं नुकसान भरून येत नाही. अशा मुलांच्या कमकुवत किडन्या लहानपणी कशाबशा पुरतात आणि अंगाने मुलगा वाढला की कमी पडायला लागतात. तुम्ही लिहिलं आहे की गरोदरपणात तुमच्या खाण्यापिण्याची आबाळ झाली होती. ताई, त्याचा या पडद्याशी संबंध नाही. ही बोच पंचवीस वर्षं बाळगली असेल तर ती आता सोडा.

नवव्या वर्षी आतडं जोडलं ते त्याच्या किडन्यांवरचा दाब कमी व्हावा म्हणूनच. ते केलं नसतं तर डायलिसिसची वेळ कदाचित शाळेतच आली असती. म्हणजे ज्या पिशवीवर तुमचा राग आहे, तिने इतकी वर्षं त्याला सांभाळलेलंच आहे.

मूत्राशयाची कामं दोन. लघवी कमी दाबाने साठवायची आणि मग ती पूर्ण बाहेर टाकायची. आतड्याचा तुकडा पहिलं काम छान करतो, तो सैल असतो, ताणला जातो. दुसरं काम त्याला येत नाही. वेळ झाली की आकसून लघवी ढकलून द्यायची, हे आतड्याला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून नळी. सर्जननी नवव्या वर्षी ऑपरेशनचं अर्धं काम केलं, उरलेलं अर्धं तुमचा मुलगा गेली सोळा वर्षं रोज स्वतःच्या हाताने करतो आहे. ते अर्धं नीट झालं तर पिशवी शांत असते. पिशवी तासन्‌तास तुंबली तर दाब वर चढतो, आणि ती किडनी त्याची स्वतःची आहे की आईची, हे दाबाला कळत नाही. १९८१ साली अमेरिकेत पाठीच्या कण्यातल्या दोषामुळे मूत्राशय बिघडलेल्या मुलांचा अभ्यास झाला होता. मूत्राशयातला दाब पाण्याच्या ४० सेंटिमीटरच्या वर गेला की वरच्या किडन्या बिघडू लागतात, असं त्यात दिसलं. आजही डॉक्टर तपासणीत त्या आकड्यावर लक्ष ठेवतात.

आता "टिकणार नाही" या मताबद्दल. लघवी पोटावर बाहेर काढणाऱ्या आतड्याच्या नळीला नवी किडनी जोडल्याची नोंद १९६६ सालची आहे. आतड्याने मोठं केलेल्या मूत्राशयाला किडनी जोडायला १९८० च्या दशकात सुरुवात झाली. तेव्हापासून देशोदेशींच्या केंद्रांनी आपापले अनुभव मांडले आहेत आणि त्यांचा सूर बराचसा एकच आहे: रुग्ण नीट पारखून घेतला आणि त्याने पिशवीची निगा राखली तर किडनी साधारण इतरांइतकीच टिकते, मात्र लघवीच्या जंतुसंसर्गाचा त्रास इतरांपेक्षा जास्त होतो. तुमच्या पहिल्या डॉक्टरांच्या हाताखालून असे रुग्ण गेले नसतील. हे ऑपरेशन रोजचं नाही, त्यामुळे त्यांचं "नको" हे काळजीपोटीही असेल. पण त्या एका "नको"वर सगळं सोडून देऊ नका, आणि दुसऱ्यांच्या "होऊ शकतं"मधलं "आधी तपासण्या" हेही विसरू नका. प्रत्यारोपण जिथे कराल तिथे किडनीविकारतज्ज्ञाच्या जोडीला अशा मूत्राशयांची सवय असलेले युरोलॉजिस्ट, म्हणजे लघवीमार्गाचे सर्जन, आहेत का, हे स्पष्ट विचारा. लहानपणी लघवीमार्गाची ऑपरेशनं झालेली मुलं मोठी झाल्यावर तिथे येतात का, तेही विचारा. असं विचारण्यात उद्धटपणा नाही. उत्तर द्यायला चांगल्या डॉक्टरांना आनंदच होतो.

तपासण्यांमध्ये मुख्य असते युरोडायनॅमिक चाचणी. बारीक नळीतून मूत्राशय हळूहळू भरत दाब मोजतात. किती मावतं आणि मावताना दाब किती चढतो, हे त्यात कळतं. दुर्बिणीने आतून पाहतात, कारण आतड्याच्या पिशवीत खडे होतात. ऑपरेशनला सोळा वर्षं झाली आहेत, त्यामुळे आतलं अस्तर नीट आहे ना हेही पाहतात. इतक्या वर्षांनी जोडाच्या जागी क्वचित गाठ होऊ शकते. म्हणून अनेक युरोलॉजिस्ट दहा वर्षांनंतर दरवर्षी दुर्बीण घालून बघतात. बेंबीतली वाट अरुंद झाली आहे का, नळी सहज जाते का, हे तपासतात. जुन्या किडन्यांकडे लघवी उलटी जाते का, तिथे जंतूंनी घर केलं आहे का, हेही. बहुतेक वेळा जुन्या किडन्या आत तशाच ठेवतात, पण वारंवार ताप आणणारी एखादी आधी काढावी लागते. यातल्या कशात दोष निघाला म्हणजे दार बंद झालं असं नाही. खडा निघाला तर खडा काढायचा, वाट अरुंद झाली असेल तर ती रुंद करायची, आणि मग पुढे जायचं. त्यात दोन-तीन महिने गेले तर जाऊ द्या.

या सगळ्याआधी एक काम तुम्ही उद्याच सुरू करू शकता. नवव्या वर्षीच्या ऑपरेशनची मूळ नोंद शोधा. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. सर्जननी ऑपरेशन झाल्यावर लिहिलेली सविस्तर नोंद हवी. आतड्याच्या तुकड्याला रक्त पुरवणारी शिरा-धमन्यांची एक जुडी असते, ती पोटात कुठून कुठे गेली आहे हे त्यात लिहिलेलं असतं. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला बसवतात. त्या वेळी चुकून ही जुडी दुखावली तर आतड्याचा तुकडाच मरतो. किडनी डावीकडे बसवायची की उजवीकडे, तिची नळी मूत्राशयाच्या कुठल्या भागात जोडायची, हे ठरवायला ती नोंद लागते. ते सर्जन निवृत्त झाले असतील तरी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाकडे लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. आमच्याकडे एक बाई मुलीची अशी जुनी नोंद तांदळाच्या डब्यात प्लास्टिकच्या पिशवीत जपून घेऊन आल्या होत्या. डॉक्टरांनी ती उभ्या उभ्याच वाचली आणि त्यांचा चेहरा खुलला.

आता ती ओळ.

"फक्त दुपारी कंपनीत जमत नाही." ताई, मी हिशेब केला. सकाळी सातला घरी नळी, मग बस, मग पाळी, मग संध्याकाळी सहाला घरी नळी. अकरा तास झाले. तुम्हीच लिहिलं आहे की त्याची लघवी अजून दिवसाला दीड लिटरच्या आसपास होते. पडद्याचा आजार असलेल्या मुलांच्या किडन्या लघवी घट्ट करू शकत नाहीत. रक्त शुद्ध करायला त्या कमी पडतात, पण पाणी मात्र टाकत राहतात. म्हणजे त्याची पिशवी कोरडी नाही, ती त्या अकरा तासांत भरते आहे. तुम्ही असंही लिहिलं आहे की तो कंपनीत पाणीच पीत नाही. का पीत नाही, याचा विचार तुम्ही केला आहे का? डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल, पण हा त्याहून कमी पितो, कारण पाणी प्यायलं की नळी घालावी लागेल.

चार पानांच्या पत्रात तुमचा आवाज आहे, त्याच्या बाबांचा आहे, दोन डॉक्टरांचा आहे, बाहेरची पिशवी सुचवणाऱ्या मामेसासऱ्यांचाही आहे. मुलाचं एकही वाक्य नाही. तो पंचवीस वर्षांचा आहे. ही पिशवी कशी आहे हे घरात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही. मला वाटतं, तुम्ही ज्या प्रश्नाने सुरुवात केली तो थोडा सरकवायला हवा. आतड्याच्या पिशवीत किडनी टिकते का, याचं उत्तर शास्त्राने बऱ्यापैकी दिलं आहे. राहिला प्रश्न त्याच्या दुपारचा, आणि त्याचं उत्तर मुंबईच्या डॉक्टरांकडेही नाही.

त्याला रागावू नका. तो आळस करतो आहे असं मला मुळीच वाटत नाही. कारखान्यातलं संडास म्हणजे काय असतं, ते मी जाऊन पाहिलं आहे. ओली फरशी, कडी नसलेलं दार, बाहेर तीन माणसं उभी, आत टेकवायला जागा नाही. त्यात शर्ट वर करून बेंबीतून नळी घालायची आणि कुणी पाहिलं तर उत्तर काय द्यायचं? नऊ वर्षांच्या मुलाला आपण सांगितलेलं असतं, "शाळेत कुणाला बोलू नकोस." आपला हेतू चांगला असतो. पण ते वाक्य मुलं जन्मभर पाळतात.

आमच्याकडे एक बसवाहक यायचा. क्षयरोगाने त्याचं मूत्राशय आक्रसून लिंबाएवढं झालं होतं, तेही आतड्याने मोठं केलेलं. लांब पल्ल्याची गाडी, सहा-सहा तास खाली उतरणं नाही. दर महिन्याला ताप. त्याने दीड वर्ष आम्हाला सांगितलं की नळी वेळेवर चालू आहे. एके दिवशी त्याची बायको माझ्या खोलीत एकटी आली आणि खरं काय ते सांगून गेली. त्यानंतर आम्ही त्याला बोलावलं, रागावलो नाही, फक्त दिवसाचं वेळापत्रक मांडायला बसलो. डॉक्टरांचं पत्र गेलं, त्याला आगारात तिकीट खिडकीचं काम मिळालं. चार महिने ताप आला नाही, मग त्याच्या प्रत्यारोपणाच्या तपासण्या पुढे सरकल्या. किडनी त्याच्या बहिणीने दिली.

तुमच्या मुलासाठी काय करता येईल? आधी त्याला एक गोष्ट सांगा, जी त्याला कदाचित कुणी नीट सांगितली नसेल. नळी निर्जंतुक असावी लागत नाही, स्वच्छ असली की पुरते. १९७२ साली मिशिगनचे डॉ. जॅक लॅपिडिस यांनी हे मांडलं तेव्हा अनेक डॉक्टरांना ते पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं की नळीबरोबर चार जंतू आत गेले तर फार बिघडत नाही, मूत्राशय तुंबून ताणलं गेलं तर मात्र बिघडतं. वेळेवर रिकामं करणं महत्त्वाचं. पन्नास वर्षांत जगभरच्या लाखो माणसांनी त्यावर आयुष्य काढलं आहे. म्हणजे कारखान्यात ऑपरेशन थिएटर लागत नाही. साबणाने धुतलेले हात, झिपच्या पाऊचमध्ये एक स्वच्छ नळी, कागदी रुमाल, थोडी जेली, एवढं पुरतं. बेंबीतली वाट ही याच सोयीसाठी असते. अपेंडिक्सची अशी वाट १९८० साली फ्रान्सच्या डॉ. मित्रोफानॉफ यांनी मांडली. उभ्या उभ्या, शर्टाची दोन बटणं काढून, काम पाच मिनिटांत होतं. संडास फारच वाईट असेल तर नळीचं दुसरं टोक झाकणाच्या बाटलीत सोडता येतं. प्रथमोपचार खोली, सुरक्षारक्षकांची खोली, स्टोअरमागची जागा, असा एखादा कोपरा बहुतेक कारखान्यांत असतो. तो मागायला डॉक्टरांचं दोन ओळींचं पत्र लागतं: "यांना दर चार तासांनी दहा मिनिटं स्वच्छतागृहाची गरज आहे." कारण लिहायची गरज नाही. एका माणसाला विश्वासात घ्यावं लागेल, सुपरवायझर किंवा एखादा मित्र. कोण, ते त्याला ठरवू द्या.

मग दोन आठवडे त्याने वही ठेवावी. नळी किती वाजता घातली, किती मिली निघालं, एवढंच. आकडा रोज दुपारी साडेचारशेच्या पुढे जात असेल तर वेळ जवळ आणायची. ही वही तुमच्यासाठी नाही, तपासायला मागू नका. ती घेऊन तो युरोलॉजिस्टकडे जाईल तेव्हा डॉक्टरांना पहिल्यांदाच त्याचा खरा दिवस दिसेल.

पोटावरच्या पिशवीचा पर्याय पाहू. तो वेडगळ नाही. आतड्याची छोटी नळी करून तिचं तोंड पोटावर काढतात, लघवी आपोआप बाहेरच्या पिशवीत पडते, आत तुंबायला जागाच नाही. ज्यांना हाताने नळी घालता येत नाही, किंवा घालायची नाहीच असं ज्यांनी ठरवलं आहे, त्यांच्यासाठी तो चांगला मार्ग आहे. पण त्यासाठी आणखी एक मोठं ऑपरेशन आणि जन्मभर पोटाला पिशवी. सोळा वर्षं चाललेली व्यवस्था मोडण्याआधी ती पूर्ण वापरून तरी पाहायला हवी. तरीही, मुलगा स्वतः म्हणाला की मला नळीचा कंटाळा आला आहे, मला पिशवीच बरी, तर त्याचं म्हणणं ऐकून घ्या. शरीर त्याचं आहे.

बाबांचं "यादीत नाव घालू" हेही मला समजतं. त्यांना तुम्हा दोघांना एकाच दिवशी ऑपरेशनला पाठवावं लागणार आहे आणि बाहेर बाकावर एकट्याने बसावं लागणार आहे. त्यांना एकदा विचारा की नेमकी भीती कसली आहे. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव रुग्णालयामार्फत लागतं, आणि वाट बऱ्याचदा कित्येक वर्षांची असते. एकीकडे डायलिसिसची वर्षं वाढतात, हृदयावर ताण येतो. दुसरं असं, की बसवलेली किडनी, कुणाचीही असो, सहसा जन्मभर पुरत नाही. जिवंत दात्याची किडनी साधारण दहा-पंधरा वर्षं चालते, कधी जास्त. तुमच्या मुलाला चाळिशीत दुसरी लागू शकते. तुम्ही आज ५१ व्या वर्षी धडधाकट आहात. पंधरा वर्षांनी द्यायची म्हणालात तर डॉक्टर कदाचित घेणार नाहीत. म्हणून पहिली आईची आणि पुढची यादीतून, असा क्रम बरीच कुटुंबं लावतात. बाबांसमोर हे असं मांडून पाहा.

तुमच्याबद्दलही बोलायला हवं. पत्रात तुम्ही स्वतःच्या तब्येतीवर दीड ओळ लिहिली आहे. दाता म्हणून तुमची पूर्ण तपासणी होईल: साखर, रक्तदाब, दोन्ही किडन्यांचं काम, हृदय. साखर निघाली तर तुम्हाला थांबवतील, आणि त्यात तुमचंच भलं आहे. ऑपरेशन बहुतेक ठिकाणी दुर्बिणीने होतं, चार-पाच दिवसांत घरी, महिना-दीड महिना जड उचलणं बंद. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दात्याच्या मृत्यूचं प्रमाण दहा हजारांत तीन इतकं आढळलं. लहान आहे, पण शून्य नाही. उरलेली एक किडनी काम वाढवते, तरी दरवर्षी रक्त-लघवी आणि रक्तदाब तपासणं तुम्हाला जन्मभर करावं लागेल. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात आई ही जवळची नातेवाईक आहे, त्यामुळे कागदपत्रांची दगदग तुलनेने कमी. रुग्णालयात तुमच्याशी एकटीशी बोलतील. त्या खोलीत मनात असेल ते सगळं बोला. अगदी ऑपरेशनच्या सकाळीही "नको" म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

"वाया" या शब्दाशी मात्र मला भांडायचं आहे. समजा तुमची किडनी बारा वर्षं चालली. त्या बारा वर्षांत तो आठवड्याचे दोन दिवस यंत्राशेजारी घालवणार नाही, पाणी तहानेएवढं पिईल, कुठे लांब जायचं तर जाईल. शेवटी ती थकली तर वाया गेली म्हणाल का? आणि पहिल्याच वर्षी काही बिघडलं, जे सांभाळूनही होऊ शकतं, तर त्याच्या मनावर "मी आईची किडनी घालवली" हे ओझं राहता कामा नये. म्हणून देण्याआधीच त्याला सांगा की दिलेली वस्तू तुमची राहिली नाही, तिचा हिशेब तुम्ही मागणार नाही. मी पाहिलं आहे, ज्या घरांत किडनीचं उपकारात रूपांतर होतं, तिथे मुलं ताप आला तरी लपवतात. आणि लपवलेला ताप किडनीला महागात पडतो.

प्रत्यारोपणानंतरचं थोडं. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे नळी आतच ठेवतात. आतड्याचं अस्तर चिकट, बुळबुळीत स्राव सोडत राहतं, तो नळी तुंबवतो. म्हणून सलाईनने पिशवी धुवावी लागते, हे त्याने रुग्णालयातच हाताने करून शिकावं. नवी किडनी भरपूर लघवी करेल, रात्रीही. त्यामुळे दिवसा दर तीन-चार तासांनी नळी आणि रात्री नळी पिशवीला जोडून झोपणं हे बऱ्याच जणांना करावं लागतं. आतडं लघवीतलं आम्ल परत शोषून घेतं, त्यासाठी सोड्याच्या गोळ्या लागू शकतात. बी-१२ जीवनसत्त्व दरवर्षी तपासून घ्यावं. लघवीच्या तपासणीत जंतू जवळजवळ नेहमीच दिसतील. ताप नाही, दुखत नाही, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) जागेवर आहे, तर मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका. औषध द्यायचं की नाही हे प्रत्यारोपणाचे डॉक्टर ठरवतील, सुरुवातीच्या महिन्यांत ते जास्त कडक असतात. उलट ताप आला तर रात्री दोनलाही फोन करा. अंगदुखीच्या गोळ्या परस्पर कधीच नाहीत.

आणि एक गोष्ट त्याच्या खिशातल्या कार्डावर लिहून ठेवा: मूत्राशयाला आतडं जोडलेलं आहे. फार भरलेली अशी पिशवी क्वचित फुटते. अचानक पोटात दुखलं, पोट फुगलं तर गावातल्या डॉक्टरांना अपचन वाटू शकतं, आणि प्रत्यारोपणानंतरची स्टेरॉईड औषधं चालू असताना दुखणं दबतंही. कार्ड असेल तर वेळ वाचतो.

पैशांचं: महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये २.५ लाखांवरून ४.५ लाख रुपये करण्याचा निर्णय झाला. निवडलेलं रुग्णालय त्या योजनेत आहे का ते आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाला, विचारा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात. त्यांचा महिन्याचा खर्च ऑपरेशनच्या आधी कागदावर लिहून मागा. पैशांअभावी औषध सोडल्यामुळे गेलेल्या किडन्या मी फार पाहिल्या आहेत.

लग्नाचं तुम्ही शेवटी विचारलं आहे. स्थळ येईल तेव्हा सगळं सांगायचं, नळीसकट. पण तुम्ही नाही, त्याने. ज्याला दुपारी एका मित्राला सांगता आलं, त्याला तेही सांगता येईल.

हे पत्र त्याला वाचायला द्या आणि तुम्ही स्वयंपाकघरात जा. लगेच काही बोलला नाही तर दोन-चार दिवस थांबा. मुंबईची पहिली भेट त्याच्या डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी घेऊ नका, त्या दिवशी तो थकलेला असतो. जाताना जुन्या ऑपरेशनची नोंद, मागच्या सहा महिन्यांचे लघवीच्या कल्चरचे (जंतूंच्या तपासणीचे) रिपोर्ट आणि त्याची वही बरोबर असू द्या. वही त्याच्या हातात असू द्या, आणि डॉक्टरांनी "दुपारी काय करतोस?" असं विचारलं तर उत्तर त्याला देऊ द्या.

तुमची,
ताई